गोबऱ्याचं पोट

भैरवाडीच्या नियोजित सहकारी साखर कारखान्याला चेअरमन होते, संचालक मंडळ होतं, ऑफिस सुपरिंटेंडेंट होता, शिपाई होता आणि रबरी शिक्के होते. कारखाना तेवढा नव्हता. तो दिल्लीच्या परवान्यावाचून अडला होता. परवाना ज्यांच्या सहीवाचून अडला होता ते बंगाली साहेब फाल्गुनातल्या एका बुधवारी जागा पाहायला आणि जेवायला येणार होते.

बंगाली माणूस मासळी पुढे आली की विरघळतो, असं चेअरमन आप्पासाहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. आप्पासाहेबांचा स्वभाव असा की करायचं ते दांडगं करायचं. कोल्हारजवळ नदीला त्या साली पाणीच नव्हतं, त्यामुळे नदीच्या माशाचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. मुंबईला कांदा घेऊन गेलेल्या ट्रकवाल्याला हुकूम गेला: येताना धक्क्यावर असेल नसेल तो सगळ्यात मोठा मासा घेऊन ये. मासा चवीचा असावा, ताजा असावा, असल्या बारीकसारीक अटी कुणाला सुचल्या नाहीत.

बुधवारी सकाळी ट्रक आला. मागच्या फळ्या काढल्या तेव्हा लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेलं जे काही निघालं ते उचलायला चार जण लागले. त्यांनी ते आत नेऊन संचालकांच्या लांब टेबलावर पालथं ठेवलं आणि सदऱ्याला हात पुसत चौघेही मागे सरले. गोणपाट काढल्यावर आणखी मागे सरले.

"काय म्हनायचं ह्याला?" आप्पासाहेबांनी ट्रकवाल्याला विचारलं.

"गोबरा, आप्पा. खडकातला हाय. समिंदराच्या बुडाला खडक असत्यात, त्यांच्या बिळात बसतो म्हनं. आन म्होरनं जाईल त्ये गिळतो."

आप्पासाहेब समाधानाने वळले. "जोगळेकर, बघून घ्या. पाहुण्याला चालंल का, कसा कापायचा, कसा शिजवायचा, सगळं तुमी."

शरच्चंद्र जोगळेकर, ऑफिस सुपरिंटेंडेंट, बी. ए. इतिहास, जन्मापासून शाकाहारी, दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मी?"

"मग कोन? तुमचा कुलस्वामी कोकनात, समिंदराच्या काठाला. दरसाल चैत्रात रजा टाकून जाताय. हितल्या कुनी समिंदर तरी बघितलाय का?"

शरच्चंद्राने समुद्र पाहिला होता हे खरं. देवळाच्या पायऱ्यांवरून, नाकाला पंचा लावून पाहिला होता. खाली वाळूत मासळी वाळत घातलेली असायची आणि त्याचे वडील त्याला तिकडे बघू नको म्हणायचे. एवढंच त्याचं मासळीचं शिक्षण. पण आप्पासाहेबांना "मला माहीत नाही" असं सांगायची वेळ या नोकरीत त्याने आजवर येऊ दिली नव्हती, आणि न येऊ देण्याची त्याला इतकी सवय झाली होती की तोंडातून आपोआप निघालं, "बघतो."

मग सगळे बाहेर गेले आणि तो माशाजवळ एकटा राहिला.

मासा चेअरमनच्या खुर्चीपासून व्हाईस चेअरमनच्या खुर्चीपर्यंत पोचला होता. रंग ओल्या गोधडीसारखा, अंगभर काळपट डाग. खालचा जबडा पुढे आलेला. अपील फेटाळलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. तोंड अर्धवट उघडं होतं आणि आत दातांच्या बारीक ओळी होत्या. सगळे दात आतल्या बाजूला झुकलेले, म्हणजे गेलेलं काही परत येऊ नये अशी सोय. एक डोळा शरच्चंद्राकडे लागला होता. तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिकडेही एक डोळा होता.

वास घ्यायला हवा, असं त्याच्या मनात आलं. त्याने वाकून वास घेतला. वास घाण होता. आता हा ताज्या माशाचा घाण वास की नासक्या माशाचा, हे ठरवायला आधी कधीतरी दुसरा मासा हुंगलेला असायला हवा होता. त्याच्या पाठीवरून घामाची धार गेली. वीस माणसं जेवणार. दिल्लीचा साहेब जेवणार. उद्या पंचनाम्यात लिहिलं जाईल: मासा श्री. जोगळेकर यांनी पाहून दिला.

छगन आचारी सुरी पाजळत आत आला. जत्रेतल्या बोकडांचं कालवण करणारा तालुक्यातला पहिल्या नंबरचा माणूस. पण तोही उंबऱ्यातच थबकला.

"आयला. भाऊसाहेब, ह्याला मान कुटं हाय?"

"नसते," शरच्चंद्र म्हणाला. हे त्याला दिसतच होतं.

"बोकड असता तर पाय धरून टांगला असता. ह्याला धरायचं कशाला?" छगनने सुरीच्या टोकाने जबडा जरा वर केला, आत डोकावून पाहिलं आणि सुरी काढून घेतली. "आख्खं कोकरू जाईल हो आत. मानसाचं डोस्कं सुदिक जाईल."

हे तो विडी ओढायला बाहेर गेला तेव्हा तिथेही म्हणाला. बाहेर पाण्याच्या टँकरची वाट बघत बाया बसल्या होत्या. तिथून ते वाक्य गावात गेलं. ऊन चढायच्या आत साळूबाई ऑफिसच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मागे तिची सून मनकर्णा.

साळूबाईचा एकुलता मुलगा कानिफनाथ आरमारात होता. मार्गशीर्षातल्या लढाईत त्याची बोट बुडाली. तार आली तिच्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिता म्हणावं तर माणूस नाही, अशा वेळी सरकारला हा शब्द फार उपयोगी पडतो. साळूबाईने दहावं केलं नाही. मनकर्णाने कुंकू पुसलं नाही. तेव्हापासून ती वाटेत भेटली की प्रत्येक माणूस आधी तिच्या कपाळाकडे बघायचा आणि मग रामराम करायचा. ती एकोणीस वर्षांची होती.

"भाऊसाहेब," साळूबाई म्हणाली, "समिंदर येकच अस्तो का येगयेगळा?"

शरच्चंद्राला भूगोल येत होता. "म्हणजे तसा... आपल्या बाजूचा एकच."

"म्हंजे माज्या कानिफाची बोट गेली त्यो, आन ह्यो धरला त्यो?"

आपण काय कबूल करतोय हे लक्षात यायच्या आत त्याची मान हलली होती.

"मग ह्याचं प्वाट माज्यासमोर फाडा," साळूबाई म्हणाली आणि उंबरा ओलांडून टेबलाजवळ आली. "काय निगालं तर निगालं. मी आज सुनंचं कपाळ पुसते, पोराचं दहावं घालते, आन मोकळी हुते. न्हाई निगालं तर माजं पोर हाय. पन मला कळू द्या. मानूस खाल्लेला मासा तुमी पाव्हन्याला वाढनार आन मी घरात बसून वास घेनार, ह्ये न्हाई व्हायचं."

तिच्या मागोमाग संचालकही खोलीत आले होते. त्यांतल्या एकाला आठवलं की आज आपला उपास आहे. दुसऱ्याला त्याचा उपास पाहून आपलाही आठवला. व्हाईस चेअरमन खिडकीपाशी गेले आणि टँकर आला का ते पाहू लागले.

आप्पासाहेबांनी शरच्चंद्राला कोपरापाशी धरून ओसरीवर नेलं. त्यांचा आवाज खाली गेला की तो अधिक भीतीदायक व्हायचा.

"जोगळेकर, साहेबाची जीप येनार आता. माशात मानूस निगाला असं एकदा गावानं बोललं, की दिल्लीपतुर जाईल. परवाना गेला. कारखाना गेला. आन कारखाना न्हाई तर सुपरिंटेंडेंट कशाला लागतोय?"

"पण आप्पासाहेब, खरंच काही निघालं तर?"

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्याही कपाळावर घाम होता. "निगायचं न्हाई," ते म्हणाले. "तुमी हाय ना तिथं."

शरच्चंद्र परत आत गेला. मनकर्णा भिंतीशी उभी होती. डोक्यावरचा पदर तिने दातांत धरला होता आणि ती माशाकडे नव्हे, सासूकडे बघत होती. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. शरच्चंद्राला आपली आत्या आठवली. तीही एकोणिसाव्या वर्षीच. केस काढलेली, आलवणातली आत्या माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत चाळीस वर्षं वाती वळत बसली होती, आणि लहानपणी सकाळी तिच्या समोरून जायचं नाही अशी त्याला ताकीद होती. एका माशाच्या पोटात काय आहे त्यावर ही मुलगी आज दुपारी त्या खोलीत जाणार होती. आणि माशाच्या पोटाचा जाणकार तो होता. त्याने खुर्चीची पाठ धरली.

"छगन," तो म्हणाला, "उताणा कर."

तिघांनी जोर लावून मासा उलटा केला. त्याचं पांढरं पोट वर आलं. छगनने सुरी टेकवली आणि तिथेच थांबला.

"भाऊसाहेब. हा आदीच फाडलाय."

गळ्यापासून शेपटाकडे सरळ चीर गेलेली होती. छगनने दोन्ही कडा धरून फाकवल्या. आतून बर्फाचे तुकडे टेबलावर घरंगळले. अर्धवट वितळलेले, लालसर. एकेक तुकडा खाली पडत होता आणि साळूबाई वाकून प्रत्येक तुकडा निरखत होती. छगनने हात आत घातला, कोपरापर्यंत घातला, फिरवला आणि बाहेर काढला. हातात बर्फच होता.

"मोकळं हाय," तो म्हणाला. "आतडंबी न्हाई. काळीज न्हाई. कायीच न्हाई."

कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला. साळूबाईने टाकला नाही.

"कुनी काढलं?"

सगळ्यांनी दारात उभ्या ट्रकवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "धक्क्यावरच साफ करून देत्यात, मावशे. मोठा मासा ऱ्हात न्हाई न्हाईतर. पोटातली घान काढून फेकून देत्यात आन बर्फ भरत्यात."

"घान म्हंजे काय काय हुतं?"

"आता त्ये मला काय..."

"तू बघितलंस का?"

"मी कांद्याचे पैशे मोजून घेत हुतो, मावशे."

"म्हंजे बघितलं न्हाईस."

ट्रकवाला टायरची हवा बघायला बाहेर निघून गेला. शरच्चंद्राला त्याचा मनापासून हेवा वाटला. मासा पालथा पडला होता तेव्हा त्याच्या पोटात काही असेल अशी भीती होती. आता पोटात काही नव्हतं आणि भीती दुप्पट झाली होती. कारण पोटात जे काही होतं ते मुंबईच्या समुद्रात परत गेलं होतं, आणि ते काय होतं हे आता कुणालाच, कधीच सांगता येणार नव्हतं. अर्थात 'कुणालाच' म्हणजे साळूबाईच्या मते एक माणूस सोडून.

"भाऊसाहेब, तुमी समिंदराचे जानकार. तुमी सांगा."

"साळूबाई, अहो, पोट तर रिकामं..."

"प्वाट ऱ्हाऊ द्या. अंगात उतरतं ना खाल्लेलं? मानूस खाल्ला असंल तर त्ये मासात उतरलं असंल." तिने कनवटीची पुडी सोडली. पुडीत भैरोबाचा भंडारा होता, पिवळाजर्द. "ह्याचा येक तुकडा शिजवा. त्याच्यावर मी भंडारा टाकते. त्यो तुमी खावा आन सांगा, ह्यात मानूस हाय का न्हाई. आमच्या तोंडाला मटणाची सवं, आमाला कळायचं न्हाई. तुमी जन्मात काय खाल्लेलं न्हाई. तुमची जीभ सोवळी हाय, ती वळखंल."

या युक्तिवादात कुठे तरी मोठं भोक होतं, पण शरच्चंद्राला ते सापडेना. त्याने आप्पासाहेबांकडे पाहिलं. दूर रस्त्यावर धूळ दिसते का, ते आप्पासाहेब बघत होते.

"भंडाऱ्यावर खोटं बोललं की जीभ झडती," छगन माहिती म्हणून म्हणाला.

त्याने शेपटाकडचा एक तुकडा कापला, मीठ-हळद लावून बाहेरच्या चुलवाणावर पाण्यात उकडला आणि पितळीत घालून आणला. पांढरा, वाफाळता तुकडा होता. साळूबाईने त्यावर भंडाऱ्याची चिमूट सोडली. पितळी शरच्चंद्रासमोर आली. दाराखिडक्यांत माणसं दाटली होती. टँकर आला तरी बाया उठल्या नव्हत्या.

शरच्चंद्राला एकाच वेळी इतक्या गोष्टींचं भय वाटत होतं की कोणतं आधी वाटून घ्यावं ते त्याला कळेना. मासा नासका असेल. माशात खरंच माणूस असेल. कानिफनाथ असेल; ज्याचा नोकरीचा अर्ज त्यानेच लिहून दिला होता तो, शिडशिडीत, पुढचा दात तुटलेला कानिफनाथ. घरी बायको, इंदू, असेल, जिच्या स्वयंपाकघरात आज संध्याकाळी त्याला पाऊल टाकायचं होतं. आणि समोर ते रुपयाएवढं कुंकू.

त्याने तुकडा उचलला. डोळे मिटले तर अपराधी दिसू म्हणून उघडे ठेवले. तुकडा जिभेवर ठेवला. तो गरम होता, मऊ होता आणि चावायच्या आधीच पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. चव काय म्हणावी? मीठ होतं. हळद होती. पलीकडे काहीतरी होतं, किंचित गोड. ते गोड काय असेल, हा विचार मनात आला आणि घसा बंद झाला. तुकडा खालीही जाईना, वरही येईना. साळूबाईचे डोळे त्याच्या घशावर होते. त्याने कुलस्वामीचं नाव घेतलं, मग भैरोबाचं घेतलं, आणि गिळलं.

"न्हाई?" साळूबाईने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "माणूस नाही ह्यात."

आपली जीभ जागेवर आहे का ते त्याने तोंडातल्या तोंडात चाचपून पाहिलं.

साळूबाई मटकन खाली बसली. मार्गशीर्षापासून न रडलेली बाई पदर तोंडावर घेऊन रडली. मग उठली, त्याच्या पायाशी वाकली, आणि "माजं पोर हाय, माजं पोर हाय" म्हणत घरी गेली. मनकर्णा तिच्या मागून गेली. दारात एकदा वळून तिने शरच्चंद्राकडे पाहिलं. ती नजर कृतज्ञतेची आहे असं त्याने धरून चाललं.

साहेबांची जीप आली. बंगाली साहेब सज्जन होते. छगनने लाल रश्शात सोडलेल्या तुकड्यांचं पातेलं पुढे आलं तेव्हा त्यांनी हसून विचारलं, नदीचा की समुद्राचा? समुद्राचा म्हटल्यावर त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली. समुद्राची मासळी आमच्याकडे कुणी खात नाही, म्हणाले, आणि दोनदा आमटी-भात मागून घेतला. संचालकांचे उपास चालूच होते. अख्ख्या गोबऱ्यातला जेवढा तुकडा त्या दिवशी माणसाच्या पोटात गेला तेवढा शरच्चंद्र जोगळेकरांच्या पोटात गेला. उरलेला छगनने वर चुना टाकून ओढ्याकडेला पुरला.

जीप गेल्यावर शरच्चंद्र ऑफिसमागच्या रांजणापाशी चुळा भरत होता. किती वेळ भरत होता कुणास ठाऊक. टँकरचं पाणी घेऊन जाणारी मनकर्णा तिथे थांबली. तिने डोक्यावरचा हंडा उतरवला नाही.

"भाऊसाहेब, तुमाला खरंच कळलं का वं? त्यात मानूस न्हाई ह्ये?"

त्याने तोंड पुसलं. "तू काळजी करू नको, पोरी. मी नाही म्हणालो ना."

"म्हंजे कळलं न्हाई."

त्याने तांब्या पुन्हा रांजणात बुडवला.

"माजा बाप संक्रांतीला न्ह्यायला आल्ता," ती म्हणाली. "सासूनं धाडलं न्हाई. पोरगा हाय म्हनली, त्येची बायकू घरात पायजे. आमच्यात पाट लागतो, भाऊसाहेब, नवरा मेलेलीचं दुसरं लगीन हुतं. बापानं पाव्हना बगून ठिवलाय, बिजवर हाय, पन मानूस चांगला हाय. आज सासू सोताच्या तोंडानं म्हनली, मोकळी हुते. मी तितं भितीला टेकून देवाला म्हनत हुते, काय बी निगू दे. येक बटन निगू दे. आन तुमी घास गिळलात."

शरच्चंद्राच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी त्याच्या पायांवर सांडलं. "मला वाटलं, तुझं कुंकू..."

"कुंकू मला लावाय येतं आन पुसायबी येतं." तिचा आवाज चढला नव्हता, तरी तो मागे सरला. "मालकासाठी मी रडले न्हाई असं समजू नगा. लई रडले. पन मेल्याला रडता येतं. आता ती म्हातारी रोज त्येचं ताट वाढनार. मी त्ये ताट रोज उचलनार. किती वर्सं, त्ये सांगा. तुमाला समिंदरातलं कळतं ना?"

तिने डोक्यावरचा हंडा सावरला. मग म्हणाली, "चला. सासूला सांगा."

तो गेला. का गेला हे त्याला नंतरही सांगता आलं नसतं. हंड्यातलं पाणी डुचमळू न देता ती पुढे चालत होती आणि मागे न जाण्याचं धैर्य त्याच्यात नव्हतं, इतकंच. वाटेत भंडाऱ्याचा विचार आला. आप्पासाहेबांचा आला.

साळूबाई चुलीपुढे होती. तीन ताटं मांडलेली होती. तिसरं पितळेचं होतं, नुकतंच चिंचेने घासलेलं.

"बसा, भाऊसाहेब," ती हसून म्हणाली. तिला हसताना त्याने कितीतरी दिवसांनी पाहिलं. "भाकर गरम हाय. तुमी आमच्यात जेवायचं न्हाई, पन आज तुमाला काय धरबंद हाय?"

तो उंबऱ्याच्या आत उभा राहिला. मनकर्णाने हंडा ठेवला आणि भिंतीला टेकली.

"साळूबाई, मला मासळीतलं काही कळत नाही."

तिने भाकरी थापणं थांबवलं नाही. "तुमी खाल्ला न्हवं?"

"खाल्ला."

"मग?"

"चव कळली नाही. काहीच कळलं नाही. त्यात काय होतं आणि काय नव्हतं, देवाशपथ मला ठाऊक नाही. मी भिऊन खाल्ला आणि भिऊन नाही म्हणालो."

परातीतले हात थांबले. तव्यावरच्या भाकरीचा वास येऊ लागला, मग करपल्याचा येऊ लागला. कुणी उलथलं नाही.

"कुनाला भिऊन?" साळूबाईने विचारलं.

आपण पुष्कळांना भितो, हे तो त्या क्षणापर्यंत मोजायला बसला नव्हता. त्याने माशापासून सुरुवात केली. मग आप्पासाहेब सांगितले, मग आत्या, तिची खोली, तिच्या वाती. साळूबाई ऐकत होती. आत्याशी आल्यावर तिने मान वर केली आणि पहिल्यांदाच मनकर्णाकडे नीट, बराच वेळ पाहिलं. कपाळाकडे नव्हे, तोंडाकडे.

मग तिने करपलेली भाकरी चिमट्याने काढून बाजूला ठेवली. पितळेचं ताट उचललं आणि पालथं करून भिंतीला लावून ठेवलं.

"मने," ती म्हणाली, "तुज्या बापाला सांगावा धाड."